तरी लावता कशाला?

दिवाळीला मुंबईहून आलेलं प्रत्येक माणूस चहा झाला की परसात एक फेरी मारतं, ओरबाडलेला मांडव बघतं आणि विचारतं, "सगळं माकडंच खातात, तर एवढं लावता कशाला? बाजारातून आणा की!" वन्सं तर दरवर्षी विचारतात. यंदा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी एक स्पष्ट करते. मुक्या जिवांना घास मिळावा म्हणून मी परस लावत नाही. संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीत तसं कोणीच लावत नाही. वानरं वीसपंचवीसच्या टोळीने येतात आणि हातातली काकडी संपवून दुसरी तोडतील तर शपथ. एक चावा, फेक, पुढची. पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दोऱ्याने दगड बांधतात ना, तर गेल्या भाद्रपदात एका सकाळी पडवळ कौलांवर पडलेलं आणि दगड दोऱ्यासकट अंगणात. शेकरू आपला राज्यप्राणी. १९७२च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे, माझ्या कोवळ्या नारळांना कोणाचंच नाही.

रानडुकरांसाठी भाताच्या खाचराभोवती जुन्या साड्या बांधल्या. आठ दिवस बुजली, नवव्या दिवशी जांभळ्या साडीखालून आत. त्या साड्या वन्संनी दिलेल्या. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण शाळेत घोकली होती. लग्न होऊन इथे आल्यावर कळलं की ती म्हण नाही, बातमी आहे. बांधावर पसरलेल्या वेलीवरचं नेमकं पिकलेलं तवसं तो अंधारात हुडकतो. सकाळी एका कुशीला खड्डा, आतला गर गायब, आणि भोवती चिकट बिया. हिरव्याला तोंड लावत नाही.

त्या बियांतच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

तवसं म्हणजे तुमच्याकडे किलोवर मिळते ती काकडी नव्हे. आश्विनात ते दुधीएवढं होतं, साल पिवळसर तपकिरी पडते आणि तिच्यावर बारीक भेगांची जाळी उठते. मग सुंभाने आडवंउभं बांधून पडवीच्या वाशाला टांगायचं, एकाला दुसरं लागू द्यायचं नाही. माघापर्यंत टिकतं. हे बी सासूबाईंचं, त्यांना त्यांच्या आईकडून आलेलं. इथल्या दमट हवेत बी राखेत घोळवून ठेवलं तरी फार वर्षं भरवसा धरता येत नाही, दर पावसाळ्यात ते मातीत जायलाच लागतं. एक वर्ष कंटाळा केला, दुसऱ्या वर्षी बी उगवलं नाही, तर ते कुठल्या बाजारातून आणू? म्हणून कोल्ह्याचं उष्टंही मी टाकत नाही. बिया धुते, वाळवते, डब्यात भरते.

बाकी थोडी हुशारी मीही शिकले. वानराला दिसतं ते वानराचं, हे धरून जमिनीखाली जास्त लावते. कणगरीची पानं मार्गशीर्षात पिवळी पडली की खणायची. कंदांभोवती काटेरी मुळांचं जाळं असतं, माझे हात आठवडाभर ओरखडलेले असतात. डुकरालाही तिथे नाक खुपसताना विचार करावा लागतो. साळिंदर करत नाही. एका रात्रीत तीन खड्डे, आणि मोबदला म्हणून एक काटा. तो धाकट्याने दप्तरात ठेवलाय.

बांधावरची कारेटी मात्र जशीच्या तशी. नरकचतुर्दशीला पायाखाली फोडण्यापलीकडे त्यांची कोणालाच गरज नाही, इतकी कडू.

यंदा पडवीत नऊ तवशी टांगलीत. तुम्ही आलात की एकाचं धोंडस करीन: तांदळाचा रवा, गूळ, तवशाचा कीस, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. कोपऱ्यातलं एक उंदराने सुंभावरून उतरून कुरतडलंय, ते बियांसाठी राहू दे. आणि परसात गेलात तर गडग्याच्या दगडांत एक लांबलचक धामण दिसेल. ओरडू नका. तिला मीच राहू दिलंय, त्या उंदरासाठी.