किलो मोजले, पण कुठल्या फळांचे? चेरीच्या जाती तोलताना

वॉशिंग्टन राज्यात प्रॉसरला फळबागांचं शिक्षण घेताना बिंग, रेनियर, स्वीटहार्ट आणि रेजिना या चेरीच्या जातींची तुलना करायचं काम माझ्याकडे आलं. घरी निफाडला द्राक्षं, त्यामुळे ब्रिक्स (फळातल्या साखरेचं माप) बघणं हातातलं होतं. नवीन वाटलं ते खोड मोजणं. थोराड झाडावर माल जास्त असणारच, मग त्यात जातीचं श्रेय किती? म्हणून कलमाच्या जोडाच्या वर फीत गुंडाळून घेर घ्यायचा, त्यावरून खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ काढायचं आणि दर चौरस सेंटिमीटरमागे किती किलो, असा हिशोब मांडायचा.

तोडणी देठासकट. देठ धरून हलकेच वरच्या बाजूला पिळायचा. ओढाताण केली की आखूड फळकाडी मोडते आणि पुढच्या वर्षीचा फुलोरा तिच्याबरोबर जातो. रेनियरला तर बोटांचा दाबही पिवळ्या सालीवर डाग होऊन दिसतो.

आकाराची भाषा उलटी: '१० रो' म्हणजे साडेदहा इंची खोक्याच्या एका ओळीत १० फळं, व्यास साधारण २६.६ मिमी. ९ रो त्याहून मोठं.

किलोंच्या रकान्यात स्वीटहार्ट पुढे, रेजिना मागे. बिंगला परागासाठी दुसरी जात शेजारी लागते, स्वीटहार्टला लागत नाही. गिझेला या खुंटावर (ज्या मुळाच्या झाडावर कलम करतात त्यावर) तर स्वीटहार्ट नुसती लगडते. मग फळ बारीक आणि गोडीही कमी. आमच्याकडे द्राक्षांच्या थिनिंगला (विरळणीला) बायका कात्र्या घेऊन उभ्या राहतात. इथे मजुरीच इतकी की ओझं छाटणीतच उतरवतात. छाटणीने हलक्या केलेल्या झाडांवरचा स्वीटहार्टचा माल वेगळा मोजला, तेव्हा फळ चांगलं भरलेलं निघालं. ज्याला मी जातीचा दोष समजत होतो, त्यातला बराचसा झाडावरच्या जास्त फळांच्या भाराचा होता. म्हणून सरसकट सरासरी मला पटत नाही. सारख्या भाराची झाडंच एकमेकांसमोर ठेवावीत.

पावसाने पिकलेली चेरी तडकते, तिथेही तसंच. बिंग पिकते तेव्हा रेजिना कच्चीच असते, एकाच सरीने दोघींना जोखणं अन्याय आहे. म्हणून प्रत्येक जात आपापल्या वेळी पिकल्यावर तिची फळं पाण्यात बुडवायची आणि दर २ तासांनी तडकलेली मोजायची. बिंग लवकर फाटत गेली, रेजिना बरीच तग धरून राहिली. तक्त्यात मी विकाऊ किलोंचा रकाना वेगळा मागून घेतला. तिथे रेजिना तळाला नव्हती.