लघवी भरून या

लिनॅकवर, म्हणजे कॅन्सरला किरणांचा शेक देणाऱ्या मशीनवर, तंत्रज्ञ म्हणून लागलो तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, की अर्धा दिवस लोकांच्या लघवीची चौकशी करण्यात जाणार आहे.

त्या दिवशी टेबलावर बदनापूरकडचे आबा होते. कॅन्सरमुळं प्रोस्टेटची ग्रंथी काढल्यावर त्यांचा पीएसए, म्हणजे रक्तात दिसणारी प्रोस्टेटची खूण, जवळपास शून्यावर आला होता. पुढं तो हळूहळू चढला आणि 0.2 च्या वर गेला. पुन्हा तपासला तरी चढताच. स्कॅनमध्ये मात्र काहीच नाही. "गाठच नाही तर शेक कशाला?" मुलानं पहिल्याच दिवशी डॉक्टरांना धरलं होतं. गाठ दिसेपर्यंत थांबायचं नसतं, पीएसए 0.5 च्या आत असताना शेक दिला तर गुण जास्त येतो. म्हणून जिथं ग्रंथी होती त्या जागेला 33 शेक, दर वेळी 2 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), शनिवार-रविवार सुट्टी.

सुरुवातीला मुलगा मोटारसायकलवर आणायचा. हरभरा काढणीला आला आणि आबा एकटेच एस्टीनं यायला लागले.

शेकाआधी टेबलावरच काढलेला सीबीसीटी स्कॅन पडद्यावर आला. मूत्राशय सुकल्या लिंबाएवढं, मागं गुदाशयात गॅसचा काळा फुगा. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात, वाचतात. गॅसनं तर नेमायची जागाच पुढं ढकलली जाते. बीम लावला नाही, आबांना खाली उतरवलं.

"पाणी पिलात ना, आबा?"

"पिलो की."

मी नुसता बघत राहिलो. मग हळूच म्हणाले, "सायेब, खोटं कशाला बोलू. बसल्या जागी धरवती, पण गाडीनं हादरा दिला की सुटती. धोतर वलं होतं. बाया असत्यात शेजारी."

आणि रात्री घुगऱ्या खाल्लेल्या!

'तासभर आधी पाणी प्या' असं छापलेला कागद आम्ही सगळ्यांच्या हातात देतो. तो लिहिणारा जालना रोडवरच्या एस्टीत बसलेला नसावा.

आबांना आधी संडासला पाठवलं, मग अर्धा लिटर पाणी देऊन बाकावर बसवलं. मधे दुसरे दोन पेशंट उरकले. आबांची वेळ कायमची उशिराची करून टाकली: कोरडं यायचं, इथंच प्यायचं, घुगऱ्या बंद. नर्सबाईंनी पॅड कसं लावायचं ते सांगितलं, तेव्हा आबा भिंतीकडं बघत होते.

दुसरा सीबीसीटी चोख आला. शेक दोन-तीन मिनिटांत झाला. टेबल खाली येतंय तोवरच आबांनी उडी मारली आणि अनवाणीच पळाले. चपला पुढच्या पेशंटनं बाहेर नेऊन दिल्या.