अण्णांच्या क्वालिसचा क्लच काढला

पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यावर अण्णांच्या डाव्या पायात जोर उरला नाही. उजवा पाय, हात, नजर सगळं ठणठणीत, पण क्लच दाबायचा तो डावाच पाय. मणेराजुरीच्या बागेतून तासगावच्या बेदाणा सौद्याला स्वतः गाडी नेणारा माणूस शेजारच्या सीटवर बसायला लागला, आणि हळूहळू सौद्याला जायचंच बंद केलं. "कुणाला तरी चल म्हणायचं आणि त्याची वाट बघत बसायचं, न्हाई जमत मला," म्हणाले.

नवी ऑटोमॅटिक घ्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं. पण २००१ ची आमची क्वालिस, तिचं २४४६ सीसीचं टू-एल डिझेल इंजिन आजही एका सेल्फात उठतं. भारतात क्वालिसला ऑटोमॅटिक कधी आलाच नाही. बाहेरच्या देशांत मात्र याच एल मालिकेच्या इंजिनांवर टोयोटाचा ए-३४० हा चार गिअरचा ऑटोमॅटिक बसत असे. कुपवाड एमआयडीसीत माझं टर्निंगचं काम आहे. म्हटलं, करायचंच.

आधी कागद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, पण अपंगत्व असलेल्या माणसासाठी गाडी अनुकूल करून घेण्याची वाट कायद्यात आहे. डॉक्टरांचा फिटनेस दाखला जोडून सांगलीच्या आरटीओत अर्ज केला आणि मंजुरी हातात आल्यावरच पाना उचलला. हे काम कुणी करणार असेल तर याच क्रमाने करावं.

मिळालेला गिअरबॉक्स पेट्रोल गाडीचा होता. ए-३४० ची बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडणारं पुढचं कवच, बोल्ट काढून वेगळी होते, त्यामुळे मधली अ‍ॅडॅप्टर प्लेट लेथवर बनवता आली. तिचं सेंटर मी ०.०५ मिलिमीटरच्या आत ठेवलं, कारण तिथं फरक राहिला की गिअरबॉक्सच्या तेलपंपाचं सील आणि बुश जातं. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचच्या जागी इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, पंपाच्या दात्यांत पूर्ण आत गेल्याशिवाय बोल्ट आवळायचेच नाहीत. हाताने सहज फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून, म्हणजे इंजिनाकडच्या चकतीपासून, थोडी फट दिसली पाहिजे. तो अर्धवट बसला असताना बोल्ट ओढले तर पंप फुटतो. बाकी प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करणं, क्रॉस मेंबर मागे सरकवणं, पार्क आणि न्यूट्रलमध्येच सेल्फ लागेल असा स्विच जोडणं, ही नेहमीची कामं.

खरा जीव आहे तो थ्रॉटल केबलीत. लोक तिला किकडाउन केबल म्हणतात आणि खालचा गिअर पाडण्यापुरती समजतात. प्रत्यक्षात तेलाचा दाब तीच ठरवते. ती सैल राहिली तर दाब कमी पडतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा घसरतात आणि जळतात. जास्त ताणली तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात. पेट्रोल गाडीत ती थ्रॉटल बॉडीला जोडलेली असते, आमच्याकडे डिझेल पंपाचा लिव्हर. त्याची चाल वेगळी. म्हणून लिव्हरला नवा पाय जोडून त्याची त्रिज्या अशी धरली की अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर केबलीवरचा स्टॉपर आणि बाहेरचं कव्हर यांत शून्य ते एक मिलिमीटर एवढंच अंतर राहावं. सगळ्यात जास्त वेळ इथंच दिला, आणि तो द्यावाच.

गिअर दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, बदलतात. त्यांना स्वतंत्र कंट्रोलर लावला आणि गिअर बदलण्याची वेळ डिझेलच्या कमी आरपीएमला आणली. वायरिंग गेलंच तरी गाडी अडकून पडत नाही : करंट नसला तर गिअरचा दांडा डी मध्ये असताना चौथा, टू मध्ये तिसरा आणि एल मध्ये पहिला गिअर मिळतो. अण्णांकडून हे रिकाम्या रानरस्त्यावर कनेक्टर काढून करून घेतलंय. एल मधून निघायचं, मग टू, मग डी, आणि घर गाठायचं.

मॅन्युअल गाडीच्या रेडिएटरमध्ये ऑटोमॅटिकचं तेल थंड करायची सोय नसते, म्हणून पुढे वेगळा कूलर बसवला. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याला पर्याय नाही. दंडोबाच्या चढावर माणसं भरून नेऊन तेलाचं तापमान पाहिलं, मगच गाडी अण्णांच्या हातात दिली. उतरताना मात्र टू किंवा एल मध्येच टाका, डी मध्ये इंजिन पुरेसा ब्रेक धरत नाही, हे त्यांना बजावलंय.

आता पुन्हा सौद्याला तेच गाडी घेऊन जातात. लॉक-अप, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जोडणारा क्लच, अजून थोडा लवकर लागतो, साठच्या आत इंजिन घुमतं. बेदाण्याची घाई उरकली की कंट्रोलरमध्ये तेवढं पुढे ढकलायचंय.