मुकुरूच्या गल्ल्यांचा कारभार

नैरोबीची सार्वजनिक वाहतूक मुख्यतः माटाटू नावाच्या खाजगी गाड्यांवर चालते. १९७३मध्ये केनियाचे अध्यक्ष जोमो केन्याटा यांनी त्यांना परवान्याविना प्रवासी नेण्याची मुभा दिली आणि पुढे अनेक वर्षे मार्ग व भाडे ठरवण्याचे काम गाडीमालकांच्या संघटनांकडेच राहिले. अशाच एका गाडीने मी औद्योगिक भागाला लागून असलेल्या मुकुरू या झोपडपट्टीत पोहोचलो.

क्वा न्जेंगा, क्वा रूबेन आणि विवांदानी या तीन वस्त्यांत मिळून सुमारे एक लाख कुटुंबे राहतात, बहुतेक पत्र्याच्या खोल्यांत. जमीन बव्हंशी भलत्यांच्याच नावावर आहे, खोल्या बांधून भाडे घेणारे वेगळे आणि राहणारे वेगळे. त्यामुळे भाड्याचे तंटे सहसा गल्लीतील ज्येष्ठ मंडळी किंवा सरकारने नेमलेला ‘चीफ’ मिटवतो. पाणी वीस लिटरच्या कॅनने विकत घ्यावे लागते आणि ते नळजोडणी असलेल्या सुखवस्तू घरांतील पाण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. अनौपचारिक व्यवस्थांचे सरसकट कौतुक करणाऱ्यांनी हा हिशेब आधी पाहावा, असे मला मनापासून वाटते. शासनाने पाठ फिरवली की वसुलीला कोणीतरी उभा राहतोच आणि भुर्दंड गरिबालाच बसतो.

मात्र याच गल्ल्यांतून बचतगटही उभे राहिले. जबरदस्तीने घरे पाडण्याविरुद्ध १९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘मुउंगानो वा वानाविजिजी’ या झोपडीवासीयांच्या संघटनेचे हे गट पाहताना मला भायखळा आठवले, आणि तो संबंध खराच आहे. भायखळ्याच्या पदपथावर राहणाऱ्या बायकांच्या ‘महिला मिलन’ने आणि जोकिन अर्पुथम यांच्या झोपडीवासी महासंघाने रुजवलेली पद्धत, म्हणजे नियमित बचत आणि आपल्या वस्तीची आपणच केलेली गणना, झोपडीवासीयांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून नैरोबीपर्यंत पोहोचली आहे. अशा गणनेच्या आणि विद्यापीठांच्या अभ्यासाच्या आधारे झालेल्या पाठपुराव्यानंतर ऑगस्ट २०१७मध्ये नैरोबी काउंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक शासनाने, मुकुरूला विशेष नियोजन क्षेत्र (स्वतंत्र विकास आराखडा करायचा भाग) घोषित केले, आराखड्यासाठी गल्लीगल्लीतून लोकांची मते घेतली गेली, आणि पुढे रस्ते, जलवाहिन्या व दवाखाने बांधले गेले.

तरीही २०२१च्या अखेरीस क्वा न्जेंगामध्ये रस्त्यासाठी घरे पाडली गेली आणि हजारो लोक उघड्यावर आले, कारण आराखडा झाला तरी जमिनीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न सुटलेला नव्हता. बचतगटातील बायका आजही त्याचाच पाठपुरावा करत आहेत.