दीड वाजताचं विमान

परभणीत माझं तिकिटाचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक रेल्वेचं, नाहीतर पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं. परदेशाचा कागद दुकानात येतो तो कुणाची सून तिकडं बाळंतपणाला आली की. पाथरीकडचे एक बापू असेच न्यू जर्सीला लेकाकडं निघालेले. तिकीट लेकानंच काढलेलं, बापू नुसती प्रिंट घ्यायला आले होते. कागद हातात पडला आणि खुर्ची ओढून बसले.

"मुंबईहून रात्री 1:30 ला सुटतंय अन् न्यूयॉर्कला सकाळी 7:30. सहाच घंटे? आमच्या देवगिरी एक्सप्रेसला मुंबई गाठायला रात्र जाती!"

म्हटलं, बापू, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. मे महिन्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं. म्हणजे बसून राहायचं साडेपंधरा तास.

"अन् अंतर?"

सरळ धरलं तर साडेबारा हजार किलोमीटर. पण त्यांचं बोट भिंतीवरच्या नकाशावर अरबस्तान, सहारा, अटलांटिक असं आडवं निघालं. त्या वाटेनं दीड हजारावर किलोमीटर वाढतात, हे सांगून पटेना. शेवटी पोरीचा पृथ्वीगोल आणला. मुंबई आणि न्यूयॉर्कवर बोटं दाबून दोरा ताणला, तर तो आपोआप वर सरकला: सिंध, रशिया, आइसलँड, ग्रीनलँडचं टोक, मग कॅनडा. बापूंनी स्वतः दोनदा ताणून बघितला, तेव्हा कुठं मान हलवली. खरं विमान याच दोऱ्यावरून जातं असंही नाही. एप्रिल 2025 पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलंय, त्यामुळं वळसा आलाच.

"येताना वेळ कमी लिहिलाय. उतार हाय का?"

उतार नव्हे, वारं. इतक्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात. जाताना ते बऱ्याचदा तोंडावर, येताना पाठीवर. हे मात्र त्यांना एका दमात कळलं. फवारणी करणाऱ्याला वारं काय शिकवायचं!

उठता उठता त्यांनी पिशवीतून देवगिरीचं तिकीट काढलं. "एवढा डबा कुठं येतो तेवढं बघा."

तारीख बघितली आणि पोटात गोळा आला. विमान 15 मे, रात्री 1:30. रेल्वे 14 मेच्या रात्रीची, मुंबईत 15 च्या सकाळी. म्हणजे दादरला उतरेपर्यंत विमान कधीच उडालेलं! आपल्याकडं दिवस बदलतो कोंबडा आरवल्यावर, विमानतळावर बाराच्या ठोक्याला. 15 चं विमान म्हणजे 14 च्या रात्री साडेदहाला विमानतळावर हजर.

"म्हंजे 13 लाच निघावं लागतंय?"

"13 लाच."

देवगिरीला वेटिंग होतं, नंदीग्रामला दोन बर्थ निघाले, एक खालचा, एक वरचा. जुनं तिकीट रद्द करताना कापलेल्या पैशावरून बापू माझ्याशीच भांडले.