तुम्ही विचारलंत म्हणून: शपथ घातली, तरी पुन्हा झालं

कोल्हापुरातले आईबाप आम्हांला हे फार विचारतात: ‘पोरीनं स्वतःला इजा करून घेतली होती. अंबाबाईची शपथ घातली. महिन्याभरात परत तेच. आता काय करायचं?’ मुलांच्या बाबतीतही हेच होतं, फक्त तिथं ते उशिरा कळतं.

आधी शपथेचं बोलू. शपथ मोडली म्हणून पोर खोटारडी ठरत नाही. आतली घालमेल असह्य झाली की ती घटकाभर दाबायला बऱ्याच जणांना हा एकच मार्ग सापडलेला असतो. शपथ घालून तो काढून घेतला, पण बदल्यात काय दिलं? पुन्हा घडलं की देवीचा धाक आणि घरच्यांची भीती दोन्ही, त्यामुळे पोर सांगणंच बंद करते. रोज हात तपासणं, मोबाईल काढून घेणं, ‘नाटकं करतेस’ म्हणणं, मामा-मावशीला कळवणं, या सगळ्यानंही तेच होतं.

आज एक प्रश्न मात्र सरळ विचारा: ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. इजा करणाऱ्या प्रत्येकाला मरायचं असतं असं नाही, पण धोका वाढलेला असतो, म्हणून अंदाज बांधत बसू नका. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, घरातल्या धोक्याच्या वस्तू आणि औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रसंग तातडीचा असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

आता जिला स्वतःला इजा करायची ऊर्मी येते तिच्यासाठी. ऊर्मी चढते, टोकाला जाते आणि काही न करताही ओसरू लागते. म्हणून ‘कधीच नाही’ असं ठरवू नका, ‘पुढची पंधरा मिनिटं नाही’ एवढंच ठरवा. ती सरली की आणखी पंधरा. खोली सोडा, माणसं असतील तिथं येऊन बसा. त्या पंधरा मिनिटांत काय करायचं हे आत काय चाललंय त्यावर ठरतं. डोकं भणभणत असेल तर तोंडावर गार पाणी मारा, मग चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. राग असेल तर अंग दमवा: जिने चढा-उतरा, भाकरीचं पीठ मळा, रद्दी फाडा. सगळं सुन्न वाटत असेल तर श्वासाचा फारसा उपयोग होत नाही. तिथं डोळ्यांसमोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या, आल्याचा तुकडा चघळा, पाय फरशीवर घट्ट रोवा. ‘मी याच लायकीची आहे’ असं वाटत असेल तर एकटीचा कुठलाच उपाय पुरत नाही, कुणाला तरी फोनच करावा लागतो. रंकाळा तलावाची फेरी चांगली, पण गर्दीच्या वेळी आणि सोबतीनं. आणि दुखण्याच्या जागी दुसरं दुखणं नको. झणझणीत तिखट खाऊन सहन करणं कोल्हापुरात पराक्रम असेल, इथं तो उपाय नव्हे.

पहिल्यांदा हे जमत नाही, कारण ऊर्मी टोकाला पोचल्यावर नवं काही आठवत नाही. म्हणून मन शांत असताना रोज एकदा सराव करा आणि एक कागद लिहा: ऊर्मी येण्याआधीच्या माझ्या खुणा, मी करायच्या तीन गोष्टी, दोन माणसांचे नंबर, डॉक्टरचा नंबर. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुन्हा घडलं तर जखम स्वच्छ पाण्यानं धुऊन झाका. ती खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल तर लगेच दवाखाना. नंतर वेळ, आधीचं भांडण, झोप, जेवण एवढं टिपून ठेवा. अशा नोंदी जमल्या की कुठं सावध राहायचं ते दिसू लागतं. आधीचे सावरलेले दिवस एका प्रसंगानं पुसले जात नाहीत.

उपचारात याच सवयी पद्धतशीर शिकवतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी याच त्रासासाठी पुढं आली. ती पूर्ण स्वरूपात सगळीकडं मिळत नाही. ‘भावना सांभाळायची कौशल्यं शिकवता का?’ असं समुपदेशकाला विचारा. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून मानसोपचार विभाग विचारायचा. ‘पोलीस केस होईल’ म्हणून थांबू नका: आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं कलम ३०९ नव्या न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्कही देतो.

रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आईबापही करू शकतात. काय बोलायचं सुचत नसेल तर एवढंच म्हणा: ‘मला स्वतःला इजा करावीशी वाटतेय, थोडा वेळ बोलाल का?’