भिंतीवरचे गांधीजी
बँकेत आज पासबुक भरून घेण्याच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांना खिडकीमागून सांगण्यात आले, की छपाईचे यंत्र बंद आहे, सोमवारी या. ते चिडले नाहीत. काउंटरवर टांगलेली महात्माजींच्या नावाची पाटी त्यांनी सावकाश, मोठ्याने वाचली: “ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत.” मग चष्मा खिशात ठेवत म्हणाले, “आणि आम्ही कोणावर हो, मॅडम?” बाईंनाही हसू आवरले नाही, यंत्र मात्र बंदच राहिले.

पाटीच्या तळाशी ‘दक्षिण आफ्रिका, १८९०’ असे छापले होते. त्या साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते आणि दक्षिण आफ्रिकेत ते पोहोचले १८९३च्या मे महिन्यात, तेही दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठी. म्हणजे पाटीवरचा तपशील उघडच चुकीचा आहे.

मजकुराविषयी माझी तक्रार नाही, तो चांगलाच आहे. खटकते ते एवढेच, की खाली थोर माणसाचे नाव घातले म्हणजे ते वाक्य पाळण्याची जबाबदारीही जणू त्याच्याच माथी जाते. त्याऐवजी ‘यंत्र बिघडल्यास दोन दिवसांत दुरुस्त करू’ असे शाखाधिकाऱ्यांच्या सहीने लिहिले असते, तर निदान जाब विचारायला एक जिवंत माणूस सापडला असता.

तुमच्या नेहमीच्या कार्यालयात भिंतीवर कोणाचे वचन आहे?